तळ्याकाठचा प्रश्न



येत्या मंगळवारी, म्हणजे उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी, मिस्सामध्ये योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील वाचन येते. यरुशलेमात मेंढरांच्या दरवाजाजवळ बेथझथा नावाचे तळे होते. त्याच्या पाच पडव्यांमध्ये आंधळे, पांगळे, लुळे असे अनेक आजारी पडून असत. पाणी ढवळले की जो पहिला आत उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची समजूत होती. तिथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य होता. प्रभू येशूने त्याला पाहिले, तो किती काळ असा पडून आहे हे जाणले, आणि बरे होण्याची त्याची इच्छा आहे की नाही, हे त्यालाच विचारले.

प्रथमदर्शनी हा प्रश्न विचित्र वाटतो. अडतीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे काय विचारायचे? पण पुढे वाचले की त्याचे मोल कळते. तो मनुष्य साधे 'होय' म्हणत नाही. तो गाऱ्हाणे सांगतो. आपल्याला पाण्यात सोडणारे कुणी नाही, आपण निघेपर्यंत दुसराच उतरतो. प्रभू त्याच्याशी वाद घालत नाही. अडतीस वर्षांत एकदाही कसे जमले नाही, असा टोमणाही मारत नाही. त्याचे ऐकून घेतो.

हे वाचन यंदा आम्ही एका निराळ्या कारणाने पुन्हा पुन्हा वाचत आहोत. शिमगा नुकताच झाला. वीटभट्ट्यांवर, बांधकामावर गेलेली माणसे सणाला पाड्यावर आली. कनवटीला चार पैसे आले, मोहाची फुले पडू लागली, आणि दरवर्षीप्रमाणे दारूही वाढली. जव्हार-मोखाड्याला हा विषय नवा नाही, आणि त्यावरच्या प्रवचनांचाही तुटवडा नाही. आज पिणाऱ्यांना उपदेश करण्यासाठी हे लिहीत नाही. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या काही परिचारिका, आशाताई आणि एक तरुण डॉक्टर यांनी आम्हाला विचारले, "फादर, पिणाऱ्या पेशंटशी बोलायचे कसे? आम्ही सांगतो, तो मान हलवतो, आणि पुन्हा पिऊन येतो." प्रश्न त्यांचा आहे, पण घरात पिणारा माणूस असलेल्या प्रत्येकाला तो लागू पडतो.

आधी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका सरकारी दवाखान्यात आम्ही एका आजाऱ्याला घेऊन गेलो होतो. रांग दाराबाहेर गेलेली. पुढच्या गृहस्थाला क्षयाच्या गोळ्या सुरू होत्या. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता म्हटले, "पिऊन आलास ना? वास येतोय. दारू आणि या गोळ्या एकत्र घेतल्यास लिव्हर जाईल. मरशील." गृहस्थाने दोनदा मान हलवली, चिठ्ठी घेतली आणि बाहेर आला. बाहेर झाडाखाली त्याची बायको बसली होती. तिला तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, दोन्ही एकत्र चालत नाही. आज गोळ्या राहू दे."

दोहोंपैकी एक त्याने सोडले. डॉक्टरांनी सांगितलेले वैद्यकीयदृष्ट्या चूक नव्हते. क्षयाच्या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो, दारूचाही पडतो. पण क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. तो मध्येच तुटला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि एका खोलीत झोपणाऱ्या घरात ते पोरांपर्यंत पोचतात. त्या माणसाने ऐकायला हवे होते ते पहिले वाक्य असे होते: "गोळ्या बंद करू नका. प्यायलेले असलात तरी दवाखान्यात येत चला. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी या." दारूचे बोलणे त्यानंतर.

आता त्या डॉक्टरांचीही बाजू पाहू. आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रांत पुष्कळदा नुकते शिकून आलेले, बंधपत्राची सेवा करणारे तरुण असतात. कुणी मराठवाड्यातला, कुणी विदर्भातला. वारली, कोकणी बोली त्यांना कळत नाही. एका सकाळी ते जेवढे पेशंट तपासतात तेवढ्यांची नुसती नावे घेतली तरी घसा कोरडा पडेल. त्यांच्या कॉलेजात यकृत कसे बिघडते ते नीट शिकवतात, पण पिणाऱ्याशी बोलावे कसे याला फार वेळ मिळत नाही. म्हणून त्यांनी रागावावे यात नवल नाही. रागावण्याने काम होत नाही, एवढेच.

का होत नाही? आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा या प्रश्नावर एक जुना वाद वाचला होता. सॉक्रेटिसचे मत असे की, चांगले काय ते खरोखर कळल्यावर कुणी जाणूनबुजून वाईट करत नाही. वाईट घडते ते अज्ञानामुळे. हे खरे मानले तर उपाय सोपा आहे. सांगत राहा, एक दिवस कळेल. अॅरिस्टॉटलला हे पटले नाही. माणसाला कळत असते आणि तरीही तो तेच करतो, हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. अशा माणसाच्या ज्ञानासाठी त्याने दाखलाही दारुड्याचाच दिला. नशेत असलेला माणूस विद्वान कवीच्या ओळी घडाघडा म्हणून दाखवतो, पण तेव्हा त्या त्याच्या नसतात. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतःविषयी हेच कबूल केले आहे: इच्छा एक, आणि हातून घडते दुसरेच. दारू वाईट आहे हे पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्याने पाहिलेल्या पहाटा आपण पाहिलेल्या नाहीत. जे त्याच्याजवळ आहेच ते ज्ञान त्याला पुन्हा देऊन काय उपयोग?

आपल्या भागात आणखी एक गाठ आहे. पँट-शर्टातल्या माणसाने "पितोस का?" असे विचारले की आदिवासी माणसाला त्यात साहेबाचा आवाज ऐकू येतो. याला इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा केला. दारात पडणारे फूल वेचणे गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसले, आणि ठेकेदाराच्या दुकानातली दारू मात्र कायदेशीर ठरली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने 'नाही साहेब' म्हणून सुटका करून घेतली, त्याचा नातू दवाखान्यातही 'नाही साहेब'च म्हणणार. (आणि आपला कायदा तरी किती सरळ आहे? १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही पिण्याचा परवाना दिला जातो, तो कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी! शहरातला परवानाधारक आरोग्य राखतो आणि पाड्यावरचा माणूस व्यसनी ठरतो.)

याउलट १९२२ साली काय झाले ते पाहा. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून निघालेली देवीची लाट डोंगरातल्या आदिवासींत शिरली आणि थेट दक्षिण गुजरातपर्यंत गेली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगे, दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा. गावेच्या गावे पिणे सोडून बसली. पुढे पुष्कळांनी पुन्हा धरलेही, ते लपवण्यात अर्थ नाही. आमचा विश्वास वेगळा असला, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. तो शब्द बाहेरच्या साहेबाच्या तोंडून आला नव्हता, आपल्यातल्याच माणसाच्या तोंडून आला होता.

हेच एका मानसशास्त्रज्ञाने निराळ्या वाटेने शोधून काढले. अमेरिकेतले विल्यम मिलर यांनी १९८३ साली पिणाऱ्यांशी बोलण्याच्या एका पद्धतीवर लेख लिहिला, आणि १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यावर ग्रंथ काढला. तिचे मर्म थोडक्यात असे. पिणाऱ्याच्या मनात नेहमी दोन माणसे भांडत असतात. एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो राहू दे. डॉक्टरने पहिल्याची बाजू घेतली की पेशंटला दुसऱ्याची घेणे भाग पडते, आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे बोलतो त्यावर त्याचा विश्वास बसत जातो. मिलर यांना असेही आढळले की, सल्लागाराने जितके जास्त तोंडावर पाडले, तितके पेशंट वर्षभरानंतर जास्त पीत होते. तेव्हा सोडण्याची कारणे पेशंटने सांगायची आणि डॉक्टरने ऐकायची. तळ्याकाठी नेमके हेच झाले होते.

हे आपल्याकडे चालते का? गोव्यात ते करून पाहिले गेले. 'संगत' या संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आदींनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूने अपाय होऊ लागलेल्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. फार तर चार भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी पाहिले तर, ज्यांच्याशी असे बोलणे झाले त्यांच्यातले ४२ टक्के मागील चौदा दिवसांत दारूला शिवले नव्हते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. वर्षानंतरही फरक टिकून होता. तीन महिन्यांचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चमत्कार नव्हे, निम्म्याहून अधिक माणसे पीतच होती. पण चार भेटींत एवढे होत असेल, तर खोडाळ्याच्या किंवा साखरशेतच्या केंद्रातली आशाताई ते का करू शकणार नाही?

आता प्रत्यक्ष बोलणे. नमुना म्हणून एक संवाद मांडून पाहतो.

"दादा, खोकल्याचे औषध देतेच. त्याआधी तुमच्या पिण्याबद्दल दोन गोष्टी विचारल्या तर चालेल?"

"विचारा की, ताई."

"कालचा दिवस कसा गेला ते सांगा. सकाळी उठल्यापासून."

"भट्टीवर असताना संध्याकाळी एक क्वार्टर. अंग दुखतं ना. इथं आल्यापासून सकाळीच होते."

"अंगदुखीला बरं वाटतं, म्हणून घेता."

"हां. झोप लागते."

"आणि त्यातलं न आवडणारं काही?"

"..."

"पोरगी जवळ येत नाही. वास येतो म्हणते."

पहिल्या वाक्यात परवानगी मागितली. साहेब परवानगी मागत नाही, म्हणून पेशंट जरा सैल होतो. "पितोस का?" याला उत्तर 'नाही' असते; "कालचा दिवस कसा गेला?" याला 'नाही' म्हणता येत नाही. दारू त्याला काय देते हे आधी विचारले, कारण ती काही देत असल्याशिवाय कुणी पीत नाही. दिवसभर विटा वाहिलेल्या माणसाच्या पाठीला दारू खरोखरच काही तास विसावा देते. हे मान्य केले नाही तर आपण खोटे ठरतो. मग तो गप्प बसला. ही शांतता सर्वांत अवघड. डॉक्टरला घड्याळ दिसत असते, परिचारिकेला रांग. पण ती मोडू नये. त्या शांततेतून मुलगी बाहेर आली.

आता "बघा, लाज वाटायला हवी!" असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हटले की तो दरवाजा बंद. त्याऐवजी त्याचेच बोलणे त्याला परत द्यावे: "मुलीनं जवळ यावं असं तुम्हाला वाटतं." मग तो पुढचे सांगेल.

मिलर-रोलनिक यांच्या पद्धतीत आकड्यांचा एक प्रश्न असतो. आपल्याकडे तो बोटांवर चांगला जमतो. "पिणं कमी करावं असं दहा बोटांपैकी किती बोटं वाटतं?" समजा त्याने चार बोटे दाखवली. "चारच का?" असे विचारले तर तो न सोडण्याची कारणे देईल. "एकच का नाही, चार का?" असे विचारले तर सोडण्याची कारणे देईल. बोटे तीच, उत्तरे उलटी. एवढ्याशा फरकाने बोलण्याची दिशा बदलते, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

शेवटी काय करणार ते त्यानेच ठरवायचे, आणि लहान ठरवायचे. सकाळची बंद करीन, बाजाराच्या दिवशी पैसे बायकोकडे देईन, असे. ही भाषा बायकोसमोर, पोरांसमोर किंवा रांगेसमोर नको. चारचौघांत कबूल केलेले घरी जाऊन मोडले जाते.

इथे एक धोक्याची गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जो रोज सकाळपासून पितो, न प्यायल्यास ज्याचे हात थरथरतात, त्याला "आजपासून एकदम बंद" असे कुणी सांगू नये. डॉक्टरने नाही, बायकोने नाही, आणि भर प्रवचनात शपथ घ्यायला लावणाऱ्या धर्मगुरूने तर मुळीच नाही. शरीर दारूला इतके सवकलेले असते की ती अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. घाम, कंप, झोप नाही, नसलेली माणसे दिसणे, ही लक्षणे अंगात आलेल्याची समजून भगताकडे वेळ घालवू नये. त्याला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तिथे औषधांच्या आधाराने, ब-१ जीवनसत्त्व देऊन ते पार पाडता येते. रात्री-अपरात्री नुसते कुणाशी बोलायचे असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आमच्या धर्मबंधूंसाठी म्हणून एका संताची आठवण करून देतो. संत मार्क जी तियानशियांग हा चीनमधला ख्रिस्ती डॉक्टर, जन्म १८३४ चा. गरिबांवर फुकट उपचार करणारा. पोटाच्या दुखण्यावर त्याने अफू घेतली आणि अफूने त्याला धरले. तो पापनिवेदनाला जाई, तेच पाप पुन्हा सांगे. पुढे त्याच्या धर्मगुरूने ठरवले की, ज्या अर्थी हा पुन्हा पुन्हा तेच करतो, त्या अर्थी याचा पश्चात्ताप खरा नाही; सोडल्याशिवाय पापक्षमा मिळणार नाही. सुमारे तीस वर्षे त्याला ख्रिस्तप्रसाद मिळाला नाही. अफू सुटली नाही. पण तो ख्रिस्तसभा सोडून गेला नाही. १९०० साली बॉक्सर बंडात श्रद्धा नाकारण्यास नकार देऊन कुटुंबीयांसह त्याने मरण पत्करले, आणि १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला संतपद दिले. त्या धर्मगुरूला दोष देणे सोपे आहे. त्या काळी व्यसन हा आजार आहे हे वैद्यकातही सर्वमान्य नव्हते. आज आपल्याला माहीत आहे, आणि म्हणून आपल्याला ती सबब उरलेली नाही. माणूस पुन्हा प्याला हा त्याच्या खोटेपणाचा पुरावा नव्हे.

आजारी म्हणून त्याला खाट देणारेही आपल्यात झाले. १९३९ साली अमेरिकेत अॅक्रन येथील संत थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने, स्वतः दारूतून सुटलेल्या डॉ. बॉब स्मिथ यांच्या सांगण्यावरून, एका मद्यपीला दाखल करून घेतले. त्या काळी रुग्णालये अशांना दारातूनच परत पाठवत. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केले, तेही स्वतः त्या वाटेने गेलेले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले. ही केंद्रे मोखाड्याहून दूर आहेत, आणि रोजगार बुडवून तिथे राहणे आमच्या माणसाला सहजी जमत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच जवळच्या दवाखान्यातली ती दहा मिनिटे एवढी मोलाची.

बेथझथाच्या कथेचा एक भाग पुष्कळदा वाचायचा राहून जातो. तो मनुष्य उठून बाज घेऊन चालू लागला, त्याला बरे करणारा कोण हेदेखील त्याला ठाऊक नव्हते. नंतर मंदिरात प्रभू येशूला तो पुन्हा भेटला, आणि शुभवर्तमानकार सांगतो की प्रभूनेच त्याला गाठले. पापाविषयीचा शब्द येतो तो या दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत तो नव्हता.

पावसाआधी कामावरची उरलेली माणसे परततील आणि नांगरणीपर्यंत पाड्यावर राहतील. आशाताईंनी या दिवसांत ज्या घरी एकदा बोलणे केले आहे, तिथे पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. तो प्यायलेला असला तरी जावे. सोडली का, हे दारातूनच विचारू नये. आधी मुलीची चौकशी करावी.